परदेशी जाणारे वाळवण

चैत्र-वैशाखात पिंपळगाव राजातल्या कोणत्याही वस्तीत फिरा, खाटांवर जुनी धुतलेली लुगडी अंथरून वाळवण घातलेले दिसेल. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, पापड, तिखटासाठी आणलेल्या मिरच्या. पूर्वी या वाळवणाचे वाटे ठरलेले असत. एक घरचा, एक सासरी गेलेल्या लेकीचा, एक मुंबईला नाहीतर पुण्याला कामाला गेलेल्या मुलाचा. मुंबईचा वाटा नांदुऱ्याला गाडीत बसणाऱ्या कोणाच्या तरी हाती जायचा आणि चाळीत सुखरूप पोचायचा.

आता आणखी एक वाटा निघू लागला आहे. कोणाचा मुलगा दुबईला किंवा सौदीला फिटर आहे, ड्रायव्हर आहे. कोणाची मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला शिकायला गेली आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतल्या ७५ मुलामुलींना दरवर्षी ही शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्या यादीत आता शेतमजुराच्या घरची नावे दिसतात याचा आम्हाला आनंद आहे. पण पोरगी लंडनला पोचली तरी आईचा जीव कुरडईच्या डब्यातच असतो. मग डबा भरला जातो, खामगावला नेला जातो, आणि तिथून पुढे त्याचे काय होईल ते कोणालाच ठाऊक नसते.

माता-भगिनींनो, या सदरात आम्ही शिधापत्रिकेपासून जात पडताळणीपर्यंत बरेच काही लिहिले. पार्सलाचा विषय त्यामानाने किरकोळ वाटेल. तरी हिशेब करून बघा. परदेशी एक बरा डबा धाडायला जो खर्च येतो, तो सोयाबीन सोंगणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांच्या रोजाएवढा असतो. तो डबा वाटेत जप्त झाला तर पैसा गेला, माल गेला, आणि लेकीला आईच्या हातचे मिळाले नाही ते वेगळेच. आमच्या पाहण्यात असे डबे बहुतेक एकाच कारणाने जातात. आपण गावात बोलून, ओळख सांगून काम भागवतो. सीमेपलीकडे आपण बोलायला नसतो. तिथे आपल्या वतीने डब्यावर चिकटवलेला कागद तेवढा बोलतो, आणि त्या कागदाकडे आपण सगळ्यात शेवटी, घाईघाईने बघतो.

प. पू. बाबासाहेबांच्या चरित्रात याचे दोन दाखले एकाशेजारी एक पडलेले आहेत. पुष्कळांनी ते वाचले असतील आणि हळहळून पान उलटले असेल. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथल्या जुन्या बाजारातून त्यांनी पोटाला चिमटा घेऊन सुमारे २,००० पुस्तके जमविली. न्यूयॉर्क सोडताना ही पुस्तके हिंदुस्थानात पोचविण्यासाठी एका स्नेह्याच्या हवाली केली. त्यांतली थोडीच पुढे त्यांच्या हाती आली.

दुसरा दाखला १९१७ चा. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. स्वतः बाबासाहेब फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून ‘कैसर-ए-हिंद’ या बोटीने निघाले आणि सामान थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने. ती सामानाची बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईला आली तेव्हा घरच्यांच्या तोंडचे पाणी पळाले. चौकशी केल्यावर कळले की बुडाले ते सामान. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले. घरात पैशाची चणचण होती. बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचे तर प्रवासाचे भाडे कुठून आणायचे हाच प्रश्न होता. तेव्हा थॉमस कुक कंपनीकडून बुडालेल्या सामानाच्या भरपाईचे ६०० रुपये आले आणि त्यातून बडोद्याचा प्रवास निघाला.

६०० रुपयांत ती पुस्तके परत येणार नव्हती, हे आम्हाला सांगायला नको. त्या मित्रालाही आम्ही नावे ठेवत नाही. मैत्रीत कोण कागद करतो? पण एवढे खरे की मित्राकडची पुस्तके कोणी पाणबुडीने बुडविली नव्हती, तरी गेली. आणि जे सामान खरोखरच समुद्राच्या तळाशी गेले, त्याच्यामागे कंपनीचा कागद होता म्हणून अडचणीच्या दिवशी घरात पैसा आला.

आजही आपल्याकडे पहिला विचार ‘कोणाच्या हाती देऊ’ हाच असतो. शेजारच्या गावचा कोणी दुबईला निघाला की त्याच्याकडे चार घरच्या पिशव्या जमा होतात. नेणारा संकोचाने नाही म्हणत नाही. विमानतळावर मात्र पिशवी उघडली की ती कोणाची हे कोणी विचारत नाही. ज्याच्या हातात आहे त्याचीच ती ठरते. २०१९ साली मुंबईच्या एका जोडप्याला कतारच्या विमानतळावर पकडले. नात्यातल्या बाईने ‘एवढे पाकीट तिकडे द्या’ म्हणून दिले होते आणि त्यात चार किलोच्या आसपास चरस निघाले. दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष ठरून घरी यायला २०२१ साल उजाडले. तेव्हा परक्याची बंद पिशवी नेऊ नका आणि आपली पिशवीही दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. द्यायचीच असेल तर नेणाऱ्यासमोर उघडून, एकेक वस्तू दाखवून, चिठ्ठी करून द्या. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

आखाताच्या बाबतीत एक गोष्ट जाड अक्षरांत छापावी असे आम्हाला वाटते. ती म्हणजे खसखस. आपण अनारसा खसखशीवर थापतो, काळ्या मसाल्यात खसखस भाजून घालतो. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांत धरतात. तिथे चिमूटभर खसखशीपायीही माणूस तुरुंगात जाऊ शकतो. दिवाळीला मुलाला अनारसे धाडायचे असतील तर बिनखसखशीचे थापा, आणि मसाला त्याच्यासाठी वेगळा कुटा. औषधांचेही तसेच. खोकल्याची काही औषधे आणि अंगदुखीच्या काही गोळ्या इथे सहज मिळतात, तिकडे त्यांना परवाना लागतो. डॉक्टरची चिठ्ठी असली तरी मुलाने तिथे आधी विचारून घ्यावे आणि मगच पाठवावे.

आता पोस्टाकडे आणि कुरिअरकडे वळू. परदेशी पार्सलाला कस्टमचा एक फॉर्म लागतो. पोस्टात त्याला सीएन २३ म्हणतात. आत काय आहे, किती नग, किती वजन, किंमत किती, भेट आहे की विक्रीचा माल, हे त्यात लिहायचे. ही माहिती आता पार्सलाच्या आधी संगणकावरून पुढच्या देशात पोचते. म्हणून फॉर्म अर्धवट असला तर डबा इथेच अडकतो.

या फॉर्मवर आपली माणसे काय लिहितात? ‘खाण्याच्या वस्तू, भेट.’ पुष्कळदा हेही आपण लिहीत नाही, दुकानातला एजंट लिहितो आणि आपण सही करतो. आमच्या ओळखीच्या एका घरचे सांगतो. आई-बाप दोघेही मजुरीवर. मुलगी इंग्लंडला शिकते. कुरडया, शेवया, तीळ-जवसाची चटणी, आणि आईने कोणालाही न विचारता ठेवलेली तुपाची बरणी व थोडे पेढे. एजंटाने वरवर पाहून ‘खाद्यपदार्थ’ लिहिले. वाटेत बरणी फुटली, तूप सगळीकडे मुरले. इंग्लंडमध्ये परदेशातून टपालाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ येऊ देत नाहीत. डबा उघडला, जप्त झाला, मुलीला तेवढी नोटीस मिळाली. पोरीने आईला फोन करून सांगितले, ‘पोचलं गं, कुरडई मस्त फुलली.’ खरे काय ते आईला पुष्कळ दिवसांनी कळले, तेही दुसऱ्यांकडून. वास्तविक ती बरणी डब्यात नसती तर बाकीच्या जिनसा तिच्यापायी गेल्या नसत्या. जे चालत नाही ते एक जरी आत असले तरी चालणाऱ्या मालालाही ते आपल्याबरोबर ओढते.

दूध, तूप, खवा, पेढा, सुके मटण, सुकी मासळी या वस्तू इंग्लंडला आणि युरोपला टपालाने पाठवू नयेत. ऑस्ट्रेलियाचा कायदा आणखी कडक आहे, आणि त्यामागचे कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. ते कारण म्हणजे खपरा. साठवणीच्या गव्हात शिरून त्याचा भुसा करणारी ती अळी. तिची धास्ती ऑस्ट्रेलियाने एवढी घेतली आहे की ऑक्टोबर २०२० पासून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, धणे, जिरे, शेंगदाणे, सबंध वाळलेल्या मिरच्या असा माल कोणत्याही देशातून टपालाने किंवा प्रवाशाच्या सामानातून येऊ देत नाहीत. कारखान्यात भाजून-शिजवून बंद पाकिटात भरलेल्या मालाची गोष्ट वेगळी. गंमत अशी की तिकडच्या सरकारी कागदांतही या किडीचे नाव आपलेच आहे, खपरा. आपल्या कणगीतला शब्द सातासमुद्रापार कायद्यात जाऊन बसला! तेव्हा मेलबर्नच्या मुलीला तुरीची डाळ आणि मिरच्या पाठवायच्या भानगडीत पडू नका. डाळ तिला तिथल्या भारतीय दुकानात मिळेल.

अमेरिकेचे नियम तर मध्येच बदलतात. तिथल्या कर-नियमांत बदल झाल्यामुळे २५ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबविले होते. १५ ऑक्टोबर २०२५ पासून ती पुन्हा सुरू झाली. मधल्या दिवसांत ज्यांनी डबे भरून ठेवले त्यांचे डबे घरातच राहिले. म्हणून कोणत्याही देशासाठी डबा भरण्याच्या आधी पोस्टात चौकशी करा, आणि मुलामुलींनाही त्यांच्याकडच्या सरकारी माहितीत पाहायला सांगा. ती शिकलेली आहेत, त्यांना हे पाच मिनिटांचे काम आहे. पिंपळगावच्या पोस्टात परदेशी पार्सल घेतात का तेही आधीच विचारावे, नाहीतर डोक्यावर डबा घेऊन परत फिरावे लागते आणि मग खामगावची एस.टी. गाठावी लागते.

किमतीचे काय लिहायचे? इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. कर लागू नये म्हणून चार हजारांच्या मालाची किंमत शंभर लिहितात. मग डबा हरवला की भरपाई लिहिलेल्या किमतीच्या वर मिळत नाही, आणि कस्टमला संशय आला तर डबा उघडलाच म्हणून समजा. उलट काहीजण प्रेमापोटी किंमत फुगवून लिहितात आणि तिकडे मुलीला कर भरावा लागतो. इंग्लंडमध्ये घरच्या माणसाने पाठविलेल्या ३९ पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर कर लागत नाही. घरच्या कुरडया-पापडांची खरी किंमत पुष्कळदा याच्या आतच येते, मग खोटे लिहायचे कशाला?

कुरिअरवाल्याकडे आणखी एक खोच असते. तो काट्यावरचे वजन धरतो आणि खोक्याच्या आकाराचेही धरतो, आणि दोन्हींत जे जास्त असेल त्याचे पैसे घेतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि पुष्कळ कंपन्यांकडे त्याला ५,००० ने भागायचे. समजा खोके ५० बाय ४० बाय ४० चे आहे. गुणाकार ८०,०००, भागाकार १६. आत सहा किलो कुरडया असल्या तरी पैसे १६ किलोंचे! कुरडई म्हणजे निम्मी हवाच, आणि आपण त्या हवेचे भाडे भरतो. मोठे खोके फुकट मिळाले म्हणून घेऊ नका. शेवया-कुरडया थोड्या मोडल्या तरी चालतील, खोके लहान घ्या, रिकाम्या जागी चटणीची पाकिटे बसवा. पूर्वी मांजरपाटात शिवून लाखेची मोहोर लावलेली पार्सले जात. आता जाड पुठ्ठ्याचे खोके आणि रुंद चिकटपट्टी हेच बरे. तेलाचे लोणचे शक्यतो टाळा. पॉवर बँक, सुटी मोबाईलची बॅटरी, अत्तर, नेलपॉलिश या वस्तू विमानाने जाणाऱ्या पार्सलात चालत नाहीत. आणि नोटा व सोने पार्सलात कधीच ठेवू नका.

नावाचा घोटाळा तर घरोघरी आहे. घरी तो ‘बंडू’, शाळेत एक नाव, पासपोर्टवर तिसरेच. डब्यावर पासपोर्टवरचेच नाव हवे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, खाली तिकडचा फोन नंबर आणि पिनकोडसारखा त्यांचा क्रमांक. आखातात पुष्कळ ठिकाणी टपाल घरी येत नाही, पोस्टाच्या पेटीत पडते. तेव्हा कंपनीचा पेटी क्रमांक मुलाकडून आधी मागवा. फॉर्मवर आणखी एक चौकट असते, डबा पोचला नाही तर काय करावे याची. ती कोणी भरत नाही. ‘परत पाठवा’ म्हटले तर परतीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, ‘सोडून द्या’ म्हटले तर माल गेला. वाळवण असेल तर सोडून देणेच परवडते. पुस्तके किंवा मूळ प्रमाणपत्रे असतील तर परत मागवा.

काही घरांतून तिकडच्या विहारासाठी बुद्धमूर्ती पाठविण्याची इच्छा असते. नव्या मूर्तीला अडचण नाही, पण दुकानाचे बिल जोडा आणि ‘नवी पितळी मूर्ती’ असे स्पष्ट लिहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूर्ती नवी की जुनी हे बिलाशिवाय कसे ठरवायचे असे कस्टमवाला विचारणारच.

कागदाची चूक गरिबालाच भोवते असे मात्र नव्हे. मे २०२५ मध्ये आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचे आंबे विमानाने अमेरिकेला गेले. कीड मारण्यासाठी त्यांच्यावर नवी मुंबईत ८ आणि ९ मे रोजी किरणांची प्रक्रिया झाली होती. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा इथल्या विमानतळांवर त्या प्रक्रियेचा दाखला चुकीचा ठरला आणि निदान १५ खेपा नाकारल्या गेल्या. माल परत आणणे परवडेना म्हणून आंबे तिथेच नष्ट करावे लागले. व्यापाऱ्यांनी नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे सांगितले. आंबा चांगलाच होता.

महिला बचत गटांच्या भगिनींसाठी थोडे. ओळखीच्या कोणी तिकडून ‘ताई, पन्नास किलो पापड पाठवा, पैसे देतो’ म्हटले तर तो विक्रीचा माल झाला. त्यावर ‘भेट’ लिहिणे हा खोटेपणा आहे, पकडले गेल्यावर गटाचे नाव खराब होते. विक्री करायची तर गटाने आयात-निर्यात क्रमांक काढावा. त्याचा अर्ज संगणकावरून होतो, फी ५०० रुपये. खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. २०२२ पासून टपाल खात्याने ‘डाकघर निर्यात केंद्रे’ उघडली आहेत. लहान माल परदेशी पाठविणाऱ्यांना तिथे कागदपत्रांत मदत मिळते. आपल्याला जवळचे केंद्र कोणते ते खामगाव किंवा बुलढाण्याच्या पोस्टात विचारावे.

उलट बाजूनेही डबे येतात. मुलगा आखातातून घड्याळ, मोबाईल पाठवतो. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी बंद झाली. राखी आणि जीव वाचविणारी औषधे एवढीच सुटली. राखीला सूट आहे, राखीबरोबरच्या भेटीला नाही! म्हणून मोबाईल त्याने सुट्टीला येताना स्वतः आणावा. ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, लगेच पैसे भरा नाहीतर अटक होईल’ असा फोन आला तर एक पैसाही भरू नका, १९३० या क्रमांकावर तक्रार करा. कस्टमचे अधिकारी कर मागतात तो लेखी मागतात, कोणाच्या खासगी खात्यात मागत नाहीत.

पार्सल दिल्यावर मिळणारी पावती सांभाळा. तिच्यावर दोन इंग्रजी अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरे असा क्रमांक असतो. त्यावरूनच डबा कुठे आहे ते कळते. डबा पोचला नाही तर ‘येईल, येईल’ म्हणत बसू नका. सहा महिने उलटल्यावर पोस्ट चौकशी घेत नाही, स्पीड पोस्टाला मुदत त्याहूनही कमी आहे. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. पावतीचा फोटो काढून लेकीलाही पाठवून ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी पावतीचा कागद असा असतो की चुलीजवळच्या फडताळात ठेवला तर दोन महिन्यांत कोरा होतो.